बोटीचा पंखा घेऊन वालचंदनगरला

भिगवणच्या स्टँडवर आम्ही बारामतीच्या एसटीत बसलो, तेव्हा माझ्या मांडीवर बाजाराची पिशवी होती आणि पिशवीत बोटीचा पंखा होता. पंखा म्हणजे इंजिनाखाली पाण्यात गरगर फिरून बोट पुढे ढकलतो तो. तीन पात्यांचा, जेवणाच्या ताटाएवढा. मी तो जुन्या चादरीत गुंडाळला होता, तरी एक पातं कान उभारल्यासारखं पिशवीतून बाहेर येत होतं. शेजारच्या बाईंनी वळून वळून बघितलं आणि शेवटी विचारलं, "करडू हाय का?" मी मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, ते माझं मलाच कळलं नाही. बाई आपला पदर सावरून पलीकडे सरकल्या आणि मला ऐसपैस जागा झाली.

पुढच्या बाकावर माझे थोरले दीर, किसनभाऊजी, बसले होते. ते एव्हाना अर्ध्या गाडीशी बोलू लागले होते. नवीन माणसाशी माझ्या तोंडून शब्द निघत नाही आणि भाऊजींच्या तोंडात तो थांबत नाही, त्यामुळे आमची जोडी प्रवासाला बरी, असं घरी ठरलं होतं. खरं कारण वेगळं होतं. भाऊजींच्या हाती दिलेली वस्तू पोचते, पण कुठे पोचते ते सांगता येत नाही. म्हणून पत्ता त्यांच्याकडे आणि पंखा माझ्याकडे दिला होता.

आमचं गाव उजनीच्या फुगवट्यावर (धरणाचं पाणी मागे पसरतं तिथे) आहे. थंडीत तिथे रोहित पक्षी येतात, आणि त्यांच्या मागोमाग गळ्यात नळकांड्यांसारखे कॅमेरे अडकवून पुण्याची माणसं येतात. त्यांना बोटीतून पक्ष्यांजवळ न्यायचं, हा आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, धंदा. घाटावर सगळ्यांच्या बोटी नंबराने सुटतात.

पाणी उतरू लागलं की बुडालेल्या जुन्या गावठाणाच्या भिंती पाण्याखाली दबा धरून बसतात. मालक एक दिवस बाजाराला गेले असताना भाऊजींनी बोट नेली आणि त्यातल्या एका भिंतीवर पंखा आपटला. दोन पाती वाकली. जगात आपल्याला दुरुस्त करता येत नाही अशी वस्तू नाही, असं भाऊजींचं मत आहे. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा चालली, असं मात्र आमच्या घरात कुणाला आठवत नाही. त्यांनी पंखा परसात आणला, माझा मिरची वाटायचा पाटा आडवा टाकला, वाकलेली दोन्ही पाती एकेक करून त्यावर टेकवली आणि कपडे धुवायच्या धोपाटण्याने बडवली. मी चुलीपाशी होते. बघितलं, बोलले नाही. थोरल्या दिराला उलटून बोलायची आमच्यात रीत नाही, आणि मला ती रीत कधी जड गेलेली नाही. पाटा राखेने कितीही घासला तरी पुढचे चार दिवस चटणी पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखी लागत होती. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली.

मालकांना एवढंच कळलं की पंखा "जरा घासलाय". तेव्हापासून बोट सुरू केली की अंगात आल्यासारखी थरथरायची. कॅमेरेवाल्यांचे दात वाजायचे, फोटो हलायचे, आणि बोट पोचायच्या आतच पाखरांचा सगळा थवा उठून पलीकडच्या काठाला जायचा. मग मागून येणाऱ्या बोटींनाही नुसतं पाणी दिसायचं. बोटवाल्यांची बैठक झाली. त्यात सगळ्यांत वडील असलेले तात्या म्हणाले, की रविवारी मी स्वतः तुमच्या बोटीत बसतो. पाखरं उठली तर यंदा तुमचा नंबर बंद, गुमान मासे धरा. आमचं इंजिन इतकं जुनं की त्याचा नवा पंखा कुठे मिळेना. आहे तोच सरळ करून आणणं भाग होतं. तात्यांची मर्जी सांभाळायला मालक घाटावर थांबले आणि आम्ही निघालो.

बारामती मी पहिल्यांदाच बघितली. रस्ते एवढे रुंद की पलीकडे जायचं तर मनाची तयारी करावी लागते. मी दुकानांवरचे बोर्ड वाचत चालले होते आणि भाऊजी रस्ता विचारत. मी एखादा बोर्ड वाचून दाखवला असता तर चौकशी लवकर संपली असती, पण त्यांना विचारायची हौस होती. शेवटी बारामतीलगतच्या जळोचीला पोचलो. तिथे शेतकऱ्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करणारं वर्कशॉप आहे. मिस्त्री लेथवर काम करत होता. त्याने पंखा हातात घेऊन डोळ्यासमोर फिरवला, एक डोळा मिटला आणि निकाल दिला. दोन पाती सारखी आहेत, तिसरं वेगळं आहे, म्हणजे तिसरं वाकडं.

तिसरं पातं तर भिंतीला लागलंच नव्हतं. सारखी दिसणारी दोघंच खरी वाकलेली, आणि एकाच पाट्यावर बडवल्यामुळे एकसारखी झालेली. दोघांनी एकच साक्ष दिली म्हणून तिसऱ्याला दोषी धरलं, असं चाललं होतं.

भाऊजी म्हणाले, "मारा की मग हातोडा."

मिस्त्रीने पंखा खाली ठेवला. पितळेचा असता तर मारला असता, म्हणाला, पण हे ॲल्युमिनियम, थंड ठोकलं तर तडकतं. त्याने सांगितलं, की वालचंदनगरला शब्बीरचाचा आहेत. कारखान्यात जन्मभर मापं घेत होते. आता घरीच असली कामं करतात. ते आधी मापतात, मग हात लावतात. मला हायसं वाटलं. मापणारा माणूस आहे म्हणजे खरं काय ते माप सांगेल, मला तोंड उघडायला नको.

वालचंदनगरला जाताना वडापच्या जीपमध्ये (माणसं कोंबून नेणारी गाडी) बसलो. बाहेर उसाचे फड, मधूनच डाळिंबाची बाग, कालव्याचं हिरवट पाणी. ते सगळं मला एका माणसाच्या काखेतून दिसत होतं. पंखा भाऊजींच्या मांडीवर जाऊ द्यायचा नाही म्हणून मी तो पोटाशी धरला होता. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि खड्डा आला की गाडी अगदी हळू घेऊ लागला. उतरताना मला म्हणाला, "सांभाळून, ताई. कितवा महिना?" भाऊजींनी पिशवीचं तोंड उघडून त्याला पंखा दाखवला. त्याने गाडी लगेच पळवली.

वालचंदनगरात कारखान्याचा भोंगा, झाडांच्या रांगा आणि एकासारखे एक क्वार्टर. भाऊजींनी दोन चुकीच्या घरी चहा घेतल्यावर आम्हाला शब्बीरचाचांचं घर सापडलं. ते वसाहतीच्या बाहेर, पेरूच्या झाडाखाली. चाचा किरकोळ अंगाचे, पांढरी दाढी, खिशाला दोन चष्मे. त्यांची बायको रशीदाचाची दारातच म्हणाली, "आत या, पण त्या दगडाला हात लावू नका, न्हायतर हा पुसत बसंल, तुमचं काम ऱ्हाईल आणि माझ्याच डोक्याला ताप."

दगड म्हणजे पुढच्या खोलीत लोखंडी घोडीवर ठेवलेली, मापं घ्यायची काळी लादी. आरशासारखी गुळगुळीत, आणि वर शिवलेली दुलई. कारखान्याने मोडीत काढली तेव्हा चाचांनी ती बैलगाडीतून घरी आणली होती. तिच्याइतकी सपाट जागा उभ्या इंदापूर तालुक्यात नाही, असं ते म्हणाले. चाची म्हणाली, "माझ्या अंगावर कधी शाल घातली न्हाय, आन दगडाला दुलई हाय."

मला वाटलं, आता मापतील. चाचांनी पंख्याला नुसती बोटं लावली आणि मान हलवली. हा ऊन खाऊन आलाय, म्हणाले. गरम धातू फुगतो. मापायचा तर त्याने रात्रभर या खोलीत मुरलं पाहिजे, दगडाइतकाच गार झाला पाहिजे. उद्या सकाळी बघू. आणि त्यांनी पंखा लादीवर ठेवून त्यालाही दुलईत घेतलं.

"जावई आला तरी एवढी सरबराई न्हाय," चाची म्हणाली.

"जावई मापायचा नसतो," चाचा म्हणाले.

आम्हाला मुक्काम करावा लागला. परक्या घरी राहायची माझी पहिलीच वेळ. मी कोपऱ्यात बसून राहिले तर चाचीने लसूण सोलायला दिला, आणि हाताला काम आल्यावर मला बरं वाटलं. तिने विचारलं, अंडी चालतात का? मी म्हटलं, आम्ही मासे धरणारी माणसं, आम्हाला काय चालत नाही. दिवसभरात बोललेलं ते माझं सगळ्यांत मोठं वाक्य. रात्री अंड्याचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी होती. भाकरी थापताना चाची म्हणाली, की मी केलेल्या भाकरीवरसुद्धा हा माणूस पट्टी ठेवेल, म्हणून मी तिचे तुकडे करूनच वाढते. बाहेर भाऊजी चाचांना उजनीच्या पाण्याखाली किती गावं आहेत ते सांगत होते. दर वेळी एक वाढत होतं.

सकाळी चाचांनी हात धुतले, चष्मा बदलला आणि दुलई काढली. पंखा लादीवर मधोमध बसवला. मध्यापासून सारख्या अंतरावर तिन्ही पात्यांवर खडूने रेघा काढल्या आणि प्रत्येक पात्याच्या पुढच्या कडेची आणि मागच्या कडेची उंची एका उभ्या पट्टीने मापली. मापताना सगळ्यांना श्वास रोखायला लावला. भाऊजींना ते जमेना म्हणून त्यांना अंगणात उभं केलं.

मग चाचांनी समजावून सांगितलं. स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जेवढा शिरतो, तसा हा पंखा एका फेऱ्यात पाण्यात ठरावीक पुढे जातो. पात्याला जेवढा पीळ, तेवढी त्याची चाल. तिघांची चाल सारखी असली तर बोट गुपचूप जाते. एक पुढे धावलं आणि दुसरं मागे राहिलं की ती आपसात भांडतात, आणि ते भांडण बोटीला ऐकू येतं. घरात तीन जावा असल्यासारखं, चाची म्हणाली. चाचांनी ते कबूल केलं.

"आता बघा," ते म्हणाले. "ही दोन केसाच्या फरकानं सारखी हाईत. तिसरं येगळं. पण नुसतं माप बघून न्हाय चालत, इतिहास लागतो. याला कुणी ठोकलंय का आधी?"

भाऊजी अंगणातून म्हणाले, "हातसुद्धा लावला न्हाय कुणी."

"मग झालं," चाचा म्हणाले. "दोन मूळची, तिसऱ्याला मार बसलाय."

मी दाराच्या आडोशाला उभी होते. माप सगळं सांगेल असं मी समजत होते, पण मापाला तरी पाट्याची हकीकत कुठून कळणार? चाचांनी पंखा मागच्या पडवीत नेला, तिसऱ्या पात्यावर अंगाचा साबण चोळला आणि गॅसची ज्योत लावली. साबण काळा झाला की धातू वाकवण्याइतका मऊ झाला, अशी ती खूण. चाची माझ्याशेजारी येऊन कुजबुजली, की माझा वासाचा साबण गेला बघ. साबण आधी पिवळा झाला, मग तपकिरी. चाचांनी लाकडी हातोडा उचलून मांडीवर ठेवला. त्या एका चांगल्या पात्यावर आमचा सगळा हंगाम होता. तेही वाकलं असतं तर घाटावर आमच्या बोटीत कोंबड्या पाळाव्या लागल्या असत्या.

मी चाचीच्या कानात म्हटलं, त्यांना थांबवा. चाची म्हणाली, "माझ्या सांगण्यानं कधी थांबलाय का हा माणूस? तूच सांग."

भाऊजीही मागे येऊन माझ्यासमोरच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पेरूच्या झाडाकडे बघितलं आणि झाडालाच सांगितल्यासारखं बोलले.

"चाचा, ते पातं चांगलं हाय. बाकीची दोन वाकली व्हती. ती माझ्या पाट्यावर ठोकल्यात."

चाचांनी ज्योत बंद केली.

कुणी ठोकली, असं ते आता विचारतील, असं मला वाटलं. त्यांनी भाऊजींकडे एकदा बघितलं, भाऊजी आपली चप्पल बघत होते, आणि चाचा मला म्हणाले, "पाटा नवा का जुना?"

"जुना. आजेसासूच्या हातचा."

"मधी खोलगट झालाय?"

"व्हय."

चाचांचा चेहरा एकदम उजळला. म्हणजे दोघांना एकाच साच्यातलं पोक आलंय, म्हणाले, म्हणून एवढी सारखी! त्यांनी कानशीने पंख्याच्या मधल्या गोलाचा रंग खरवडला. मालकांनी दर वर्षी दिलेल्या लाल रंगाचे थर निघाले आणि खाली ठोकलेला आकडा दिसला. पंख्याची मूळ चाल त्यावर लिहिलेली असते. चाचांनी पंखा पुन्हा लादीवर नेऊन हिशेब केला. तिसरं पातं आकड्याला तंतोतंत जुळलं.

भाऊजी तेवढ्यात आत आले आणि म्हणाले, "मी ठोकली न्हाईत. टेकवून जरा समजावली."

"एवढं कसब माझ्या हातात न्हाय," चाचा म्हणाले. "दोन पाती इतकी सारखी चुकवायला मला दोन दिवस लागतील." भाऊजींना ते कौतुक वाटलं. ते खाली बसले आणि उरलेला सगळा दिवस चाचांना सामान हातात देत राहिले.

आता साबण वाकड्या पात्यांना लागला. चाचा एकेक पातं तापवायचे, हलक्या हाताने ठोकायचे, गार होऊ द्यायचे, मापायचे, पुन्हा तापवायचे. दुपारी पंखा एका गुळगुळीत सळईवर चढवून अधांतरी ठेवला. जे पातं जड ते आपोआप खाली येई. त्याला कानस मारायची, पुन्हा ठेवायचं. शेवटी पंखा कसाही फिरवून सोडला तरी जिथे थांबेल तिथे गप्प राहू लागला. चाचीने वडी संपलेल्या साबणाचा कागद चाचांसमोर ठेवला. निघताना चाचांनी मला सांगितलं, की पाटा कधी इकडे आणलास तर दाखव, मला त्याचा बाक मापायचाय.

येताना आम्ही इंदापूरवरून आलो. भाऊजी वाटेत कुणाशीही बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत होते. मी पिशवी घट्ट धरून बसले आणि घरी गेल्यावर काय होईल याचा विचार करत राहिले. इंदापूरच्या स्टँडवर ते उतरले, भेळेच्या दोन पुड्या घेऊन आले आणि मोठी माझ्या हातात दिली.

"सुमन," ते म्हणाले, "घरी कसं सांगायचं मग?"

मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं. त्यांनी थोडी भेळ खाल्ली. मग म्हणाले, की आपण दोघांनी मिळून शोधून काढलं, असं सांगू. घरी त्यांनी तसंच सांगितलं. त्यात त्यांचा वाटा दर वेळी थोडा मोठा होत गेला, पण पाट्याची गोष्ट मालकांना त्यांनीच सांगितली. मालक हसून हसून ओसरीवर आडवे झाले.

रविवारी उजाडताच तात्या उपरणं खांद्यावर टाकून घाटावर आले. भाऊजींनी मलाही बोटीत बसवलं. म्हणाले, पंख्याची समदी माहिती हिला हाय, काय विचारायचं ते हिला विचारा. मी टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून बसले, म्हणजे कुणी विचारणार नाही. मालकांनी इंजिन सुरू केलं. बोट थरथरली नाही. शेजारी ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती तेवढीच. मालकांनी दोनदा मागे वळून बघितलं, पंखा फिरतोय ना म्हणून.

उथळ पाण्यात पाखरं उभी होती. माना खाली, लांबच लांब गुलाबी रांग. मालकांनी इंजिन हळू केलं. आम्ही जवळ गेलो, आणखी जवळ गेलो. एकही पाखरू हललं नाही. आणि तेवढ्यात तात्यांना ठसका लागला. तंबाखूचा ठसका, तोही तात्यांचा. सगळा थवा एकदम उठला आणि आभाळभर झाला.

"बघा," तात्या डोळे पुसत म्हणाले, "उठली का न्हाय?"

मालकांचे खांदे पडले. तात्यांपुढे बोलायची हिंमत घाटावर कुणातच नाही. मला वाटलं, आता संपलं. मी पाण्याकडे बघत होते, तेव्हा मागून भाऊजींचा आवाज आला.

"तात्या, राग मानू नका. बोटीनं न्हाय उठवली. तुमच्या खोकल्यानं उठली."

तात्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, आता भाऊजींनाच पाण्यात उतरवतात. मग तात्यांनी तोंडातली तंबाखू पाण्यात टाकली, उपरणं काढून नाकातोंडावरून घट्ट बांधलं आणि पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. मालकांनी बोट वळवली.

पाखरं तिथे पुन्हा उतरली होती. आम्ही गेलो तेव्हा अगदी काठावरच्या एकाने मान वर केली आणि आमच्याकडे बघितलं. तात्यांकडे, मालकांकडे, भाऊजींकडे, माझ्याकडे. मग त्याला आमच्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही. त्याने चोच चिखलात घातली आणि खात राहिलं. मी घराबाहेर राहून आले, परक्या माणसांत बोलून आले, आणि त्या सगळ्याचं फळ म्हणजे एका पाखराने आमची दखल घेतली नाही. तात्यांनी उपरण्याआडून मालकांना मान डोलावून दाखवली, आणि आमचा नंबर राहिला.